उताराच्या शेवटी : पाण्याच्या घसरगुंडीची अडीचशे वर्षे

सेंट पीटर्सबर्गच्या पश्चिमेला, फिनलंडच्या आखाताच्या काठी ओरानियेनबाउम नावाचे जुने राजउद्यान आहे. तिथे निळसर-पांढऱ्या रंगाचा, घुमटाचा, सुमारे ३३ मीटर उंचीचा एक मंडप उभा आहे. सम्राज्ञी कॅथरिनसाठी अँटोनियो रिनाल्दी या इटालियन वास्तुविशारदाने १७६२ ते १७७४ या काळात तो बांधला. खांबांच्या रांगा, कोरीव छते, नक्षीची फरशी पाहिली की हा राजवाड्याचाच एखादा भाग असावा असे वाटते. प्रत्यक्षात हा मंडप बांधला तो वर चढून जाण्यासाठी आणि तिथून छोट्या गाडीत बसून खाली घसरण्यासाठी. त्याच्यापुढे पाचशे मीटरहून अधिक लांबीचा लाकडी उतार होता. एकोणिसाव्या शतकात तो उतार मोडकळीला आला आणि काढून टाकला गेला. आज घसरगुंडी नाही, तिचा जिना तेवढा उरला आहे.

घसरणे हा काही अभ्यासाचा विषय आहे का, असे कोणी विचारील. पावसाळ्यात गावाबाहेरच्या उतारावर पोते टाकून घसरणाऱ्या पोरांनी त्यासाठी कधी ग्रंथ चाळलेला नाही. पण मनोरंजनाच्या साधनांचा इतिहास वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. या साधनांची बहुतेक वर्णने उंचीपाशी थांबतात : अमुक फूट, तमुक मजले, जगातली सर्वांत मोठी. उंची तर कोणीही वाढवू शकतो, त्याला लाकूड, लोखंड आणि पैसा पुरतो. खरी अडचण दुसऱ्या टोकाला असते. उंचीवरून निघालेला माणूस वेग घेऊन खाली येतो, त्या वेगाचे करायचे काय? माझ्या मते घसरगुंडीचा इतिहास हा थांबवण्याच्या युक्त्यांचा इतिहास आहे. ज्या ज्या वेळी ही युक्ती विसरली गेली किंवा गृहीत धरली गेली, त्या त्या वेळी अपघात झाले. या लेखात हेच दाखवायचा प्रयत्न केला आहे.

बर्फ आणि वाळू

सतराव्या शतकापासून रशियात हिवाळ्यात लाकडी मनोरे उभारून त्यांच्या उतारांवर पाणी ओतत. थंडीने त्याचा टणक बर्फ होई. सेंट पीटर्सबर्गमधले असे मनोरे वीस-पंचवीस मीटर उंचीपर्यंत जात. मागच्या बाजूने जिना, पुढच्या बाजूने सुमारे पन्नास अंशांचा उतार आणि त्यापुढे लांबच लांब सपाट बर्फ, अशी रचना असे. लोक लाकडी ढकलगाडीवर किंवा बर्फाच्या कोरलेल्या ठोकळ्यात गवत घालून त्यावर बसत. नवख्या पाहुण्याबरोबर एखादा वाकबगार माणूस बसे. उताराच्या शेवटी गाडीचा वेग कमी व्हावा म्हणून वाळू पसरलेली असे.

ही वाळू महत्त्वाची आहे. बर्फ घर्षण कमी करतो म्हणून मजा येते, वाळू घर्षण वाढवते म्हणून माणूस सुखरूप उभा राहतो. एकाच खेळात दोन विरुद्ध पदार्थ लागतात हे त्या काळच्या सुतारांना कळलेले होते. त्यांनी कुठे सूत्र मांडले नसेल, पण त्यांची वाळू हेच त्यांचे सूत्र होते.

नेपोलियनच्या युद्धांनंतर हा खेळ फ्रान्समध्ये गेला. पॅरिसला रशियासारखा बर्फ कुठला मिळणार? म्हणून चाकांच्या गाड्या आणि खोबणीचे रूळ आले. १८१७ मध्ये पॅरिसमध्ये बेलव्हिल आणि बोजाँ अशा दोन ठिकाणी ‘रशियन डोंगर’ सुरू झाले. फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन या भाषांत रोलर कोस्टरला आजही ‘रशियन डोंगर’ म्हणतात. रशियन माणूस मात्र त्यालाच ‘अमेरिकन टेकड्या’ म्हणतो. अंगावर काटा आणणाऱ्या खेळाचे पितृत्व प्रत्येकाने दुसऱ्याच्या नावावर टाकले आहे.

होडी आणि तळे

रुळांची शाखा पुढे रोलर कोस्टरकडे गेली. आपल्याला पाण्याच्या शाखेमागे जायचे आहे. तिची सुरुवात अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, रॉक आयलंड येथे झाली. तिथल्या वॉच टॉवर उद्यानात १८८४ मध्ये जे. पी. न्यूबर्ग याने नदीकाठच्या उंचवट्यावरून खाली जाणारा लाकडी उतार बांधला. सपाट तळाची होडी त्यावरून घसरत येई आणि थेट रॉक नदीच्या पात्रात आदळून, चपटा दगड भाकऱ्या काढत जावा तशी, पाण्यावर उड्या घेत पुढे जाई. मग होडीवाला तिला बांबूने रेटत काठावर आणी. इथे वाळूची जागा पाण्याने घेतली. उतारावर पाणी निसरडे असते आणि तळ्यात तेच पाणी अडवते. बर्फ आणि वाळू अशी दोन कामे आता एकट्या पाण्याने केली. वॉटर स्लाइडचे सगळे तंत्र या एका शोधात आहे.

या कल्पनेचा प्रचारक होता कॅप्टन पॉल बॉयटन. रबरी पोशाख घालून १८७५ मध्ये इंग्लिश खाडी पार करणारा हा माणूस जितका साहसी, तितकाच जाहिरातबाज. न्यूबर्गच्या कल्पनेचे हक्क त्याने मिळवले, १८९४ मध्ये शिकागोत होड्यांच्या घसरगुंडीचे उद्यान काढले आणि १८९५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर ‘सी लायन पार्क’ उघडले. भोवती कुंपण, दारात तिकीट आणि आत खेळ ही आजच्या मनोरंजन उद्यानाची पद्धत तिथून रुळली असे मानले जाते. पुढे १९०३ मध्ये त्याच जागेवर ‘लूना पार्क’ आले, तेव्हाही ही होड्यांची घसरगुंडी राखली गेली.

या टप्प्यापर्यंत एक गोष्ट कायम होती. बर्फाच्या गाडीवर वाकबगार माणूस होता, होडीत होडीवाला होता. ज्याला खेळाची रीत माहीत आहे असा कोणीतरी घसरणाऱ्याच्या सोबत असे आणि त्याचाही जीव त्याच गाडीत असे. १९२३ मध्ये मिनेसोटा राज्यातल्या फॅरिबो गावच्या हर्बर्ट सेल्नरने तळ्याकाठी बसवायची लाकडी घसरगुंडी तयार केली. तिच्यावरून माणूस लहानशा पाटावर बसून एकटाच खाली यायचा आणि पाण्यावर लांबपर्यंत सरपटत जायचा. हाच सेल्नर पुढे ‘टिल्ट-अ-व्हर्ल’ या गरगर फिरणाऱ्या पाळण्यामुळे प्रसिद्ध झाला. त्याच्या घसरगुंडीवर होडीवाला नव्हता. आता फक्त माणूस, उतार आणि तळे उरले.

शरीर हीच गाडी

१९७७ मध्ये जॉर्ज मिले यांनी फ्लोरिडातल्या ओरलँडो येथे ‘वेट अँड वाइल्ड’ सुरू केले. सीवर्ल्डच्या संस्थापकांपैकी ते एक. आज ज्याला आपण वॉटर पार्क म्हणतो त्याची जनकता बहुधा त्यांच्याकडेच दिली जाते. फायबरग्लासचे गुळगुळीत तुकडे एकमेकांना जोडून हवा तसा उतार करता येऊ लागला. वरून पंपाने पाण्याचा पातळ थर सोडायचा, की पाटाचीही गरज नाही. माणसाची पाठ हीच गाडी झाली.

उंच, उभ्या घसरगुंडीवर नेमके काय घडते ते एकदा पायरी-पायरीने पाहू. ओल्या जिन्याने वर गेल्यावर तिथला कर्मचारी उताणे झोपायला सांगतो. पायाची घोटी एकमेकांवर, हात छातीवर, डोके टेकलेले. पुष्कळांना हे नाटकी वाटते, पण त्यात प्रत्येक गोष्टीला कारण आहे. पाय फाकले तर खालच्या सपाट भागात पाण्याचा झोत जोराने शरीरात घुसून गंभीर दुखापत होऊ शकते. हात बाहेर गेला तर कडेला घासतो किंवा मोडतो. डोके वर उचलले तर खालच्या वळणावर मान स्वतःच्याच वजनाखाली दबते. खूण होते आणि माणूस कडेवरून खाली जातो. पहिल्या क्षणी पाठीखालचा आधार जवळपास नाहीसा होतो आणि पोटात खड्डा पडतो. चाळीस मीटर उंचीवरून मोकळे पडायला तीन सेकंदांहूनही थोडा कमीच वेळ लागतो. नीट किंकाळी फोडायलाही तो पुरत नाही.

मग येते वळण. खाली पडण्याची दिशा बदलून पुढे जाण्याची करायची असते आणि तिथे शरीरावर भार येतो. हा भार वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि वळण जितके मोठे, तितका कमी होतो. ताशी ९० किलोमीटर वेगाने येणाऱ्या माणसासाठी २० मीटर त्रिज्येचे वळण ठेवले, तर त्याला क्षणभर स्वतःच्या वजनाच्या चौपट भार जाणवेल. त्रिज्या दुप्पट केली तर तो अडीच पटीच्या आसपास येतो. म्हणून चांगल्या घसरगुंडीचे खालचे वळण दिसायला आळशी असते. त्यानंतर लांब, सपाट, पाणी भरलेला चर येतो. वेगाने जाणाऱ्या शरीराला पाणी वेगाच्या वर्गाच्या हिशेबाने अडवते. वेग जास्त तर अडवणूक जास्त, वेग कमी झाला की अडवणूकही मवाळ. यंत्र नाही, ब्रेक नाही, देखरेख करणारा संगणक नाही, तरी माणूस अलगद थांबतो. पीटर्सबर्गच्या वाळूचा हा थेट वंशज.

ही मांडणी मोडली तर काय होते याचे बोलके उदाहरण न्यू जर्सीतल्या व्हर्नन गावच्या ‘अ‍ॅक्शन पार्क’मध्ये आहे. तिथे बंद नळीची एक घसरगुंडी होती, तिच्या शेवटी उभे, पूर्ण गोल वेटोळे. माणसाने उतारावरून येऊन त्या वेटोळ्यात वर चढायचे, उलटे व्हायचे आणि बाहेर पडायचे. ती १९८५ मध्ये जेमतेम महिनाभर चालली आणि राज्याच्या सुरक्षा मंडळाने बंद करवली. वेग थोडा कमी पडला की माणूस वेटोळे पार करू शकत नसे, आतच परत घसरे. अडकलेल्यांना काढण्यासाठी नळीला खाली झडप ठेवावी लागली. आपण पाहत आलेल्या दोनशे वर्षांच्या रीतीत उताराचा शेवट सपाट असे. इथे शेवट पुन्हा चढ होता आणि थांबण्याची जागा घसरणाऱ्याच्या नशिबावर सोडलेली होती. १९७८ ते १९९६ या काळात त्या उद्यानातल्या वेगवेगळ्या खेळांत मिळून सहा जणांनी जीव गमावला.

आकड्यांची चढाओढ

१९८० नंतर उंचीची स्पर्धा लागली. खेळांची नावे पाहा. ‘कामिकाझे’ हे आत्मघातकी जपानी वैमानिकांवरून, ‘डेर श्टुका’ हे जर्मन बॉम्बफेकी विमानावरून. ब्राझीलमध्ये फोर्टालेझाजवळच्या ‘बीच पार्क’ येथे १९८९ मध्ये ‘इन्सानो’ उभी राहिली, उंची ४१ मीटर. पोर्तुगीज भाषेत या नावाचा अर्थ वेडा. फ्लोरिडात डिस्नेची ‘समिट प्लमेट’ १९९५ मध्ये आली, उंची सुमारे ३६ मीटर. पुढे ब्राझीलमध्येच ४९.९ मीटरची ‘किलिमांजारो’ झाली.

इथे शाळेतल्या भौतिकशास्त्राचा उपयोग करून पाहण्यासारखा आहे. इन्सानोचा कमाल वेग ताशी १०५ किलोमीटर असल्याचे वर्षानुवर्षे सांगितले जाते. आता उंचीवरून मिळू शकणारा जास्तीत जास्त वेग काढायला एक साधे सूत्र पुरते : उंचीला गुरुत्वत्वरणाने आणि दोनाने गुणायचे आणि वर्गमूळ काढायचे. ४१ मीटरसाठी उत्तर येते सेकंदाला साधारण २८.४ मीटर, म्हणजे ताशी १०२ किलोमीटर. तेही घर्षण शून्य आणि हवेचा विरोध शून्य धरून, म्हणजे प्रत्यक्षात कधीच न मिळणारे. जाहिरातीतला आकडा निसर्गाने घातलेल्या मर्यादेच्याही पुढे आहे. तीन किलोमीटरांनी काय बिघडते, असे म्हणता येईल. यातून एवढेच कळते की या व्यवसायात आकडा आधी ठरतो आणि हिशेब नंतर, तोही कोणी मागितला तर.

कॅन्सस सिटीतला वेडेपणा

टेक्सासमधल्या न्यू ब्राउनफेल्स या, जर्मन स्थलांतरितांनी १८४५ मध्ये वसवलेल्या गावात हेन्री कुटुंबाने १९७९ मध्ये ‘श्लिटरबान’ हे वॉटर पार्क काढले. त्यांचा मुलगा जेफ हेन्री हा कल्पक माणूस होता. पाण्याच्या जोरदार झोतांनी हवा भरलेली नाव चढावरही ढकलायची, हे तंत्र श्लिटरबानने नावारूपाला आणले. वॉटर पार्कच्या व्यवसायात त्याच्या कल्पकतेला मान होता. कॅन्सस राज्यातल्या कॅन्सस सिटीत कुटुंबाचे आणखी एक उद्यान होते. तिथे जगातली सर्वांत उंच घसरगुंडी बांधायची असे ठरले. नाव ठेवले ‘फेररुक्ट’. हा जर्मन शब्द आहे, अर्थ पुन्हा तोच : वेडा.

१० जुलै २०१४ रोजी ती खुली झाली. उंची १६८ फूट ७ इंच, म्हणजे ५१.४ मीटर. ‘नायगाऱ्याहून उंच’ अशी तिची ख्याती होती. २६४ पायऱ्या चढून वर जायचे, तिघांनी एका रबरी नावेत पुढे-मागे बसायचे, पट्टे बांधायचे. आधी मोठा उतार, मग सुमारे पाच मजली उंचीचा दुसरा चढ, त्यावरून परत खाली. उद्घाटन अनेकदा पुढे ढकलले गेले होते, कारण चाचणीत वाळूच्या पोत्यांनी भरलेल्या नावा दुसऱ्या चढावरून उडत होत्या. काही भाग पाडून पुन्हा बांधला. वर लोखंडी कड्यांवर ताणलेली जाळी लावली.

दोष उंचीत नव्हता, दुसऱ्या चढात होता. चढाच्या माथ्यावरून जाणारी वस्तू जमिनीला चिकटून राहायची तर तिचा वेग एका मर्यादेखाली असावा लागतो आणि ती मर्यादा माथ्याच्या गोलाईवर ठरते. समजा, गोलाईची त्रिज्या ३० मीटर आहे, तर ताशी ६२ किलोमीटरच्या वर गेलेली नाव हवेत उचललीच जाणार. हे सूत्र वजन विचारत नाही. पण प्रत्यक्ष वेग मात्र वजनावर अवलंबून असतो, कारण पाण्याचा आणि हवेचा विरोध हलक्या नावेला जास्त जाणवतो आणि जड नाव अधिक वेगाने येते. तिघांचे मिळून वजन ४०० ते ५५० पौंड, म्हणजे सुमारे १८० ते २५० किलो, असावे असा नियम होता. एवढ्या फरकाच्या नावा एकाच माथ्यावरून जाणार आणि एकही उडणार नाही, याची खात्री कोणी कशी द्यायची? वजनकाट्याने ती मिळत नाही. सपाट चर वेगाप्रमाणे स्वतःची अडवणूक बदलतो, फायबरग्लासचा माथा काही बदलू शकत नाही.

७ ऑगस्ट २०१६ रोजी पुढच्या जागेवर दहा वर्षांचा एक मुलगा होता, मागे त्याच्या ओळखीच्या नसलेल्या दोन स्त्रिया. तिघांचे एकूण वजन मर्यादेत होते, मात्र सर्वांत हलका जीव सर्वांत पुढे होता. दुसऱ्या चढावर नाव उडाली आणि मुलगा जाळीच्या लोखंडी कड्याला धडकून जागीच गेला. स्त्रिया जखमी झाल्या. जाळी आणि कडी ही नाव उडाली तर माणसाला वाचवण्यासाठी होती. म्हणजे नाव उडू शकते हे बांधणाऱ्यांनी मान्य केलेलेच होते. त्यांनी चढ ठेवला आणि त्यावर पिंजरा बांधला.

कायदा आणि तपासणी

त्या मुलाचे वडील कॅन्ससच्या विधानसभेचे सदस्य होते. विधानसभेने २०१७ मध्ये नियम कडक केले, पात्रताधारक तपासनीसांकडून तपासणी बंधनकारक केली. त्याआधी मोठ्या उद्यानांना बऱ्याच अंशी स्वतःची तपासणी स्वतःच करता येत असे. हे एका राज्यापुरते नव्हते. १९८१ मध्ये अमेरिकेच्या संसदेने ग्राहक सुरक्षा आयोगाचा कायम जागी बांधलेल्या पाळण्यांवरचा अधिकार काढून घेतला. गावोगाव हिंडणाऱ्या जत्रेतला पाळणा केंद्राच्या कक्षेत राहिला, पण कायमचा बांधलेला मनोरा राज्यावर सोपवला गेला आणि राज्यांचे नियम एकसारखे नव्हते.

मार्च २०१८ मध्ये जेफ हेन्री आणि रचनाकार जॉन स्कूली यांच्यावर खुनाचा आरोप ठेवण्यात आला. दोघांकडेही अभियांत्रिकीची पात्रता नव्हती आणि एका दूरचित्रवाणी कार्यक्रमावर छाप पाडण्यासाठी घाई केली गेली, असे आरोपपत्रात म्हटले होते. फेब्रुवारी २०१९ मध्ये न्यायाधीशांनी आरोप फेटाळले, कारण ज्युरींपुढे अयोग्य पुरावा ठेवला गेला होता. त्यात नाट्यमय रीतीने केलेल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या भागाचाही समावेश होता. म्हणजे आरोप सिद्धही झाले नाहीत आणि तपासलेही गेले नाहीत. कुटुंबाला विविध पक्षांकडून मिळून सुमारे दोन कोटी डॉलरची भरपाई मिळाली. घसरगुंडी नोव्हेंबर २०१८ मध्ये पाडली गेली.

पदवी नव्हती हा मुद्दा मला स्वतःला जरा टोचतो. पदवीवाचून एखाद्या विषयाचा अभ्यास करणाऱ्या माझ्यासारख्याला तो टोचणारच. पीटर्सबर्गच्या सुतारांकडे पदवी नव्हती, न्यूबर्गची कीर्तीही पदवीवर उभी नव्हती. फरक इतकाच वाटतो की त्यांनी शेवट आधी आखला आणि त्यांच्या चुकीची किंमत ढकलगाडीवरचा वाकबगार माणूस आणि होडीवाला हेही मोजणार होते. स्वशिक्षित माणसाला दुसऱ्याने आपले गणित तपासावे याची गरज इतरांपेक्षा जास्तच असते. अभ्यासाच्या कागदावर ती टाळली तर लेख चुकतो. उतारावर ती टाळली तर काय होते ते आपण पाहिले.

आपल्याकडे मुंबईच्या गोराईला १९८९ मध्ये एस्सेल वर्ल्ड आणि १९९८ मध्ये वॉटर किंगडम सुरू झाले. नंतर खोपोलीजवळही असे उद्यान आले. मे महिन्यात शाळांच्या, सोसायट्यांच्या सहलीच्या बसगाड्या तिकडे निघतात. त्यांनी जावे, घसरावे, ओरडावे, यात माझे काही म्हणणे नाही. तिकिटाच्या रांगेत उभ्या असलेल्या आईवडिलांनी मनोऱ्याची उंची विचारण्याऐवजी दोन साधे प्रश्न विचारायला हवेत. उतार संपल्यावर सपाट चर किती लांब आहे? आणि हे शेवटचे कोणी तपासले, तो माणूस उद्यानाच्या पगारावर होता की बाहेरचा? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लगेच मिळाले तर पोराला खुशाल वर पाठवावे. मॅनेजरला बोलावतो म्हणाले, तर त्या दिवशी लहान तलावातच खेळू द्यावे.